परगावच्या मुलांचा पाठीराखा : राजर्षी शाहू छत्रपती

जून महिना लागला, मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव ह्या भागांतील बसथांब्यांवर नवी गर्दी दिसू लागते. दहावी-बारावी उत्तीर्ण झालेली मुले-मुली पुढील शिक्षणासाठी परगावी निघालेली असतात. कोणी बेळगावास, कोणी धारवाडास, कोणी कोल्हापुरास, तर कोणी थेट पुण्या-मुंबईस जाते. सोबत कपड्यांची पेटी, अंथरुणाची वळकटी आणि आईने बांधून दिलेला फराळ असतो. प्रवेश मिळाला, फी भरली, म्हणजे शिक्षणाचा प्रश्न सुटला, असे घरच्यांना वाटते. खरा प्रश्न त्यानंतरच्या पंधरा दिवसांत उभा राहतो. राहायचे कोठे, जेवायचे कोठे, आजारी पडलो तर सांगायचे कोणाला, आणि ह्या एवढ्या मोठ्या गावात आपले म्हणावे असे आहे तरी कोण? पुस्तकांतून न सुटणारे हे प्रश्न कित्येक हुशार मुलांना पहिल्याच सत्रात घरी परत पाठवतात.

ज्या राजाने हा प्रश्न आपल्या भागात सर्वांच्या आधी ओळखला आणि त्याच्या सोडवणुकीसाठी आपली जमीन, आपला पैसा व आपले वजन खर्ची घातले, त्याचे चरित्र आज आपण पाहणार आहोत. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती हे नाव आपणांपैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्यांनी घडवून आणलेल्या अनेक सुधारणांची यादीही परीक्षेपुरती आपण पाठ करतो. परंतु परगावच्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी काय केले आणि ते करताना त्यांना कोणत्या पेचातून जावे लागले, ह्याची माहिती त्या यादीत एखाद्या ओळीत उरकली जाते. म्हणून इतर गोष्टी थोडक्यात आटोपून ह्या एका गोष्टीपाशी अंमळ रेंगाळावे, असे योजिले आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. जन्मनाव यशवंतराव. कागल हे निपाणीहून कोल्हापूरला जाताना वाटेवर लागणारे गाव. म्हणजे महाराज आपल्या अगदी शेजारचे. त्यांची आई राधाबाई ह्या मुधोळच्या राजघराण्यातल्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्याच. त्याखेरीज आणखी एक नाते आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आजच्या बेळगाव जिल्ह्यातील रायबाग आणि कटकोळ हे मुलूख त्या काळी कोल्हापूर संस्थानाचे भाग होते. तेव्हा ह्या जिल्ह्यातील काही गावांचे ते खरोखरीचे राजे होते.

यशवंतराव तीन वर्षांचे असतानाच मातोश्री निवर्तल्या. १८८३ साली कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज अहमदनगर येथे मृत्यू पावले आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या ह्या मुलाला दत्तक घेतले. दहा वर्षांच्या यशवंतरावाचे शाहू महाराज झाले. राज्य मिळाले खरे, परंतु घर सुटले. पुढच्याच वर्षी त्यांची रवानगी दूर काठेवाडात, राजकोट येथील राजकुमार कॉलेजात झाली. आपल्याकडून राजकोट किती दूर, हे नकाशावर पाहावे. भाषा निराळी, हवा निराळी, जेवण निराळे. तेथे असतानाच, १८८६ साली, वडील आबासाहेब घाटगे ह्यांच्या निधनाची वार्ता आली. आई नाही, वडील नाहीत, आणि वय अवघे अकरा वर्षांचे. राजपुत्राभोवती नोकरचाकर असतात, हे खरे. तरीही परक्या मुलुखात रात्री दिवा मालवल्यावर त्या मुलाच्या मनात काय येत असेल, ते घर सोडून शिकायला गेलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

ह्या एकाकीपणात त्यांना दोन आधार लाभले. एक म्हणजे सोबत आलेले धाकटे बंधू व सवंगडी. दुसरा म्हणजे राजकोटला जुळलेला स्नेह. भावनगरचे राजपुत्र भावसिंहजी हे त्यांचे तेथील सहाध्यायी. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. कोल्हापूर शहरात आजही गजबजलेला भाऊसिंगजी रस्ता आहे. तो कोणा सरदाराचा किंवा साहेबाचा असावा असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः एका राजाने आपल्या शाळासोबत्याचे नाव आपल्या राजधानीतल्या रस्त्याला दिले, एवढीच त्याची हकीगत आहे.

राजकोटनंतर १८९० पासून चार वर्षे महाराज धारवाडला राहिले. तेथे फ्रेजर नावाच्या इंग्रज गुरूंच्या हाताखाली इंग्रजी, इतिहास, राज्यकारभार ह्यांचे शिक्षण झाले. धारवाड म्हणजे कानडी मुलूख. कोल्हापूरचा राजा आपल्या घडणीच्या वर्षांत तेथे वाढला, ही गोष्ट आपण सीमाभागातील लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी कोल्हापूरला मिरजेहून आगगाडी आली. ह्या मार्गाच्या कामाचा आरंभ १८८८ साली बाल महाराजांच्याच हस्ते झाला होता. २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

हाती आलेले राज्य कसे होते? सामान्य कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीच्या लोकांकडे होत्या. इतर समाजांत त्या जागा भरण्याइतके शिकलेले लोकच नव्हते. संस्थानात शाळा नव्हत्या असे नाही. हायस्कूल होते, आणि १८८० पासून राजाराम कॉलेजही होते. ह्या कॉलेजाचे महत्त्व आपल्या भागाच्या दृष्टीने फार मोठे. बेळगावात पहिले कॉलेज, लिंगराज कॉलेज, निघाले ते १९३३ साली. राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ चे. धारवाडचे कर्नाटक कॉलेजसुद्धा १९१७ चे. तेव्हा विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निपाणी-चिकोडीच्या मुलाला मॅट्रिकनंतर पुढे शिकायचे झाल्यास जवळचे गाव म्हणजे कोल्हापूर. निपाणीला आगगाडी तेव्हाही नव्हती, आजही नाही. बैलगाडीने, नाहीतर पायी, कागलवरून कोल्हापूर गाठायचे.

गाठल्यावर काय होत असे? ब्राह्मण समाजातील गरीब विद्यार्थ्यासाठी एक जुनी व्यवस्था होती. तो माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असा त्याचा आठवडा लागे. ह्या व्यवस्थेत मानहानीही पुष्कळ होती. ज्यांनी ती भोगली त्यांनी ती विसरली नाही. तरी पोटाची आणि पाठ टेकण्याची सोय तीत होती, आणि मुख्य म्हणजे गावात सात घरे तरी त्या मुलाला ओळखू लागत. खेड्यातल्या कुणब्याच्या, जैन शेतकऱ्याच्या, लिंगायत वाण्याच्या, मुसलमान शिपायाच्या मुलाला असे एकही घर नव्हते. खोली भाड्याने मागू गेले की आधी जात विचारली जाई. खानावळीची पंगतही जातीवर ठरे. महार-चांभारांच्या मुलाबद्दल तर बोलायलाच नको. त्याला विहिरीचे पाणीदेखील मिळण्याची भ्रांत होती. असा मुलगा ओळखीच्या माणसाच्या पडवीत चार दिवस काढी, बांधून आणलेल्या भाकऱ्या संपवी आणि निमूटपणे गावी परते. कॉलेजाच्या हजेरीपटावर त्याचे नाव कधी चढतच नसल्यामुळे तो गळाल्याची नोंदही कोठे होत नसे. शिक्षणाची दारे सर्वांना उघडी आहेत असे म्हणणाऱ्यांना ही गळती दिसत नव्हती. महाराजांना ती दिसली.

आरंभी त्यांनी जो उपाय केला तो कोणालाही सुचेल असाच होता. १८९६ साली राजाराम कॉलेजाला जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले. नियमाने ते सर्वांना खुले होते. प्रत्यक्षात काही वर्षांतच तेथे एका ब्राह्मण वर्गाचेच विद्यार्थी उरले. कागदावरचा नियम आणि स्वयंपाकघरातला रिवाज ह्यांत रिवाज जिंकला. इतर मुले आधीच संख्येने मूठभर. पंगतीत वेगळी बसणारी, बोलण्यात बुजणारी. ती तेथे टिकली नाहीत. दार उघडे ठेवले एवढ्याने बुजलेला मुलगा आत येतो असे नाही, हा धडा महाराजांना ह्या अपयशातून मिळाला. माझ्या मते त्यांच्या पुढील सर्व शैक्षणिक कार्याचा उगम येथे आहे.

ह्याच सुमारास संस्थानावर दुष्काळ आणि प्लेग ह्यांचे घाले पडले. स्वस्त धान्याची दुकाने, दुष्काळी कामे, कामावर आलेल्या बायकांच्या लेकरांना सांभाळण्याची सोय, असे उपाय तरुण राजाने तातडीने योजले. ह्याच काळात वेदोक्त प्रकरणाचा वादही उसळला. छत्रपतीच्या घराण्यालाही धर्मकृत्यांत कमी लेखले जाते, हा अनुभव त्यांना जिव्हारी लागला. त्या वादाचा इतिहास मोठा आहे. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. त्याने महाराजांच्या मनाला एक वेग आला, एवढे मात्र म्हणता येईल.

१८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाऊसची स्थापना झाली. भास्करराव जाधवांसारखे शिकलेले अधिकारी ह्या कामी महाराजांच्या पाठीशी होते. पुढे शेतीशास्त्रात नाव मिळवलेले पां. चि. पाटील हे तेथील आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग झाले आणि त्यांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. १९०७ साली वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. त्यानंतर शिंपी, सोनार-सुतार, सारस्वत, प्रभू, वैश्य, ख्रिस्ती, देवांग, नाभिक अशा अनेक समाजांच्या वसतिगृहांची रांगच लागली. एका गावात इतकी वसतिगृहे पाहून परगावचे पाहुणे थक्क होत. कोल्हापूरच्या बोलीत वसतिगृह हा शब्द फारसा रुळला नाही. बोर्डिंग हाच तेथला शब्द, आणि अमक्या बोर्डिंगचा विद्यार्थी ही कित्येकांची जन्मभराची ओळख झाली.

ही व्यवस्था चाले कशी, तेही पाहण्यासारखे आहे. महाराज एखाद्या समाजातील चार कर्त्या माणसांना पुढे करीत. त्यांची समिती होई. जागा दरबारातून मिळे. इमारतीला मदत मिळे आणि पुढे वार्षिक अनुदान किंवा उत्पन्न लावून दिले जाई. परंतु रोजचा कारभार, वर्गणी, अधीक्षकाची नेमणूक, मुलांची निवड, हे सारे त्या समाजाने करायचे. दरबारने सर्वच खर्च उचलला असता तर काम सोपे झाले असते. पण मग वसतिगृह हे सरकारी खाते झाले असते. समाजाने ते चालवायचे ठरल्यामुळे गावोगावचे शेतकरी, व्यापारी, वकील ह्यांचा त्या मुलांशी संबंध जडला. एखाद्या गावच्या पाटलाने धान्य पाठवले की त्या गावचा मुलगा तेथे नीट शिकतो की नाही, हे तो विचारणारच. वार लावून जेवणाऱ्या मुलाला सात घरे ओळखत. बोर्डिंगातल्या मुलाला आता सबंध समाज ओळखू लागला, आणि तेही त्याने कोणाच्या ओट्यावर उभे न राहता.

नव्या मुलाच्या दृष्टीने विचार केला तर लाभ ह्याहून साधा होता. उतरायला एक ठिकाण मिळाले. तेथे आपल्यासारखेच बोलणारी, आपल्यासारखीच भाकरी खाणारी मुले आधीपासून होती. बेळगाव-चिकोडी भागातून आलेल्या ज्या मुलाच्या घरी कानडी बोलली जाई, त्याला जैन किंवा लिंगायत बोर्डिंगात त्याची भाषा समजणारा कोणी तरी सापडे. कॉलेजात फी कोठे भरायची, कोणत्या शिक्षकाला काय विचारायचे, कोणते पुस्तक कोणाकडून उसने मिळते, ह्या गोष्टी वरच्या वर्गातला मुलगा सांगे. आज मोठमोठी विद्यापीठे नव्या विद्यार्थ्यांसाठी स्वागतवर्ग भरवतात व मार्गदर्शक नेमतात. ते काम तेथे रात्रीच्या जेवणानंतर कंदिलाच्या उजेडात होत असावे, असे मानायला हरकत नाही.

आता एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. प्रत्येक जातीसाठी निराळे वसतिगृह काढून महाराजांनी जातिभेद वाढवला नाही काय? हा प्रश्न त्यांच्या हयातीतही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. तो उडवून लावण्यासारखा नाही. भिंती एकदा बांधल्या की त्या उतरवणे कठीण जाते, हे खरेच आहे. परंतु आधी सर्वांचे एकत्र वसतिगृह काढून त्यांनी पाहिले होते, हे विसरता येत नाही. शिवाय राहण्याची जागा आणि शिकण्याची जागा ह्यांत त्यांनी जाणूनबुजून भेद केला. बोर्डिंगे निरनिराळी, पण वर्ग एकच. १९१९ साली तर त्यांनी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. ज्या राजाला जाती अलग ठेवायच्या असत्या, तो असा हुकूम काढता ना. बुजलेल्या मुलाला आधी आपल्या माणसांत धीर येऊ द्यावा आणि मग त्याने सर्वांच्या रांगेत बसावे, असा हा क्रम होता. तो अगदी निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. त्या काळी दुसरा कोणता मार्ग चालला असता, हे मात्र आक्षेप घेणाऱ्यांनी दाखवलेले नाही.

ह्या भिंती एका मुलाला कशा लागल्या, ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेला एक जैन मुलगा शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होता. तेथील व्यवस्था आण्णासाहेब लठ्ठे ह्यांच्या देखरेखीखाली होती. लठ्ठे मूळचे कुरुंदवाडचे, उच्चशिक्षित आणि शिस्तीचे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला हा मुलगा गेला. परत आल्यावर शिवाशिवीबद्दल स्नान करून आत यावे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला. बोर्डिंगचे दार त्याला बंद झाले. तेव्हा महाराजांनी त्याला आपल्या वाड्यात आश्रय दिला. हा मुलगा म्हणजे पुढे कर्मवीर म्हणून सर्वश्रुत झालेले भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र रांधली, एकत्र जेवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव होते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. १८९६ साली महाराजांना जे साधले नव्हते ते त्यांनी आश्रय दिलेल्या मुलाने अठ्ठावीस वर्षांनी साधले, आणि त्याला नाव महाराजांचे दिले.

लठ्ठ्यांची गोष्टही तितकीच लक्षणीय आहे. पुढे कोल्हापूर दरबाराशी त्यांचे बिनसले व ते बेळगावास येऊन वकिली करू लागले. मतभेद कडू होते. तरीही महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांत, १९२४ साली, त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र लिहिले ते ह्याच लठ्ठ्यांनी. पुढे १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. भांडण झालेल्या माणसाचे मोठेपण मान्य करून त्याचे चरित्र लिहिणे हे सर्वांना जमत नाही.

महाराजांच्या इतर कार्यांचा आता धावता उल्लेख करतो. १९०२ साली ते सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्मान्य एल्एल्. डी. पदवी दिली. तेथे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानातील निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा आदेश प्रसिद्ध झाला. ह्या आदेशाचा आणि बोर्डिंगांचा संबंध उघड आहे. जागा राखून ठेवल्या, पण त्या भरण्याइतकी शिकलेली मुले नसतील तर त्या राखण्याचा उपयोग काय? १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. राधानगरीचे धरण, शाहूपुरीची व्यापारपेठ, कुस्तीची मैदाने, गायक-नटांना आश्रय, हे सारे त्याच एका माणसाने केले, हे वाचून आपण थक्क होतो.

मुलींच्या बाबतीतही त्यांची दृष्टी तीच होती. कृष्णाबाई केळवकर ह्या बुद्धिमान मुलीला परदेशी वैद्यकीय शिक्षण घेता यावे म्हणून दरबारने साहाय्य केले. १९१८ साली त्यांच्यावर वज्राघात झाला. धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीच्या अपघातात मरण पावले. मागे राहिली सून इंदुमती, वयाने कोवळी पोर. त्या काळच्या चालीप्रमाणे तिचे उरलेले आयुष्य पडद्याआड जाणार होते. महाराजांनी घरातला विरोध पत्करून सोनतळी येथे तिच्या शिक्षणाची सोय केली. विशेष हे की, तिला एकटीला शिकवणी न लावता सोबतीला इतर मुली ठेवल्या. राजकोटला सवंगड्यांच्या संगतीत तगलेल्या माणसाला हे सुचले, ह्यात नवल नाही. पुढे ह्या इंदुमतीराणीसाहेबांनी स्वतः स्त्रीशिक्षणाचे काम केले. दिवंगत पुत्राच्या नावाने १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग निघाले. तेथे गरीब मुलांना पैसे द्यावे लागत नसत. पुत्रशोकाचे स्मारक म्हणून राजाने संगमरवरी छत्री बांधली असती तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी कोणाच्या तरी मुलांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय पाहिली.

कोल्हापूरबाहेरच्या विद्यार्थ्यांकडेही त्यांचे लक्ष होते. नाशिकच्या उदाजी मराठा बोर्डिंगला त्यांनी हात दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत असता महाराज त्यांना जाऊन भेटले, १९२० साली निघालेल्या मूकनायक पत्राला त्यांनी अर्थसाहाय्य केले आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात माणगाव येथील परिषदेत स्वतः उपस्थित राहून त्यांच्या नेतृत्वाचा गौरव केला. त्या वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. परमुलुखात अडचणीत असलेल्या ह्या विद्यार्थ्याने ज्यांच्याकडे हक्काने पाहावे अशा थोड्या माणसांत महाराज होते. पुढे १९२५ साली अस्पृश्य वर्गाच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब आपल्या निपाणीस आले. तेव्हा महाराज हयात नव्हते.

अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि हृदयविकार ह्यांनी महाराजांना ग्रासले होते. प्रिन्स शिवाजींच्या मृत्यूचा घाव भरून आलाच नाही. दगदग मात्र थांबली नाही. परिषदा, प्रवास, भेटी चालूच होत्या. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पार्थिव देह कोल्हापूरला आणून पंचगंगेच्या काठी अंत्यसंस्कार झाले.

कोल्हापूरच्या दसरा चौकात महाराजांचा पुतळा आहे. भोवती नजर टाकली तर जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या बोर्डिंगांच्या जागा हाकेच्या अंतरावर दिसतात. इमारती जुन्या झाल्या, काहींच्या नव्या झाल्या, खानावळीचे दर वाढले, नियम बदलले. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर शहरात शिकायला येणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. आपल्या भागातून गेलेली मुलेही त्यांत असतात. २६ जूनला, महाराजांच्या जयंतीच्या दिवशी, चौकात सकाळपासून हार घालणाऱ्यांची रांग लागते. नवे सत्र तेव्हा नुकतेच सुरू झालेले असते, आणि गर्दीत जेमतेम आठवड्यापूर्वी गाव सोडून आलेले विद्यार्थीही उभे असतात.